पॉवर विंडो अडकली: जुनं रेग्युलेटर रिपेअर करायचं की मोटारसकट नवीन सेट? कोकणातल्या गाडीसाठी तुलना

माझी गाडी २००९ ची पेट्रोल हॅचबॅक, राहणं कुडाळला, म्हणजे पाऊस भरपूर आणि मालवण-वेंगुर्ल्याला सारखं जाणं-येणं असल्यामुळे खारा वारापण भरपूर. पुढच्या दोन्ही काचा अडकून झाल्यात, आधी डावी मग उजवी, आणि दोन्ही वेळा उपाय वेगळा झाला. डाव्या दारात जुनंच रेग्युलेटर (मोटारीच्या जोरावर काच वर-खाली नेणारी दारातली यंत्रणा, तारेची किंवा कैचीसारखी) रिपेअर करून घेतलं, उजव्यात मोटारसकट नवीन सेट घातला. त्यानंतर दोन्ही दारांनी पावसाळे काढलेत, त्यामुळे ज्यांना आत्ता हे ठरवायचंय त्यांना थोडंफार सांगता येईल असं वाटतं. मोजमाप वगैरे काही नाही, एकाच गाडीची दोन दारं आहेत एवढंच.

आधी एक बघून घ्या, कारण पुष्कळदा या दोन्हीची गरजच नसते. बटण दाबल्यावर आतली लाईट किंचित मंद होते का आणि दारातून घूं असा आवाज येतो का? येत असेल तर करंट मोटारीपर्यंत पोचतोय, अडकलंय ते काच किंवा तार. काहीच आवाज नसेल तर फ्यूज (बहुतेक गाड्यांत २० ते ३० अँपिअरचा असतो), मग स्विच, मग दार आणि पिलरच्या (दार ज्याला बिजागरीने जोडलेलं असतं तो गाडीचा खांब) मधल्या रबरी बुटातली वायर, या क्रमाने बघा. ती वायर दार उघडून-लावून आतल्या आत तुटते आणि वरून धडधाकट दिसते. डावी काच चालत नसली तरी दोष ड्रायव्हरच्या दारातल्या मेन स्विचमध्ये असू शकतो, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत बाकी खिडक्यांचा सप्लाय तिथूनच फिरून जातो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत त्याचे कॉन्टॅक्ट हिरवे पडतात. बटण दाबून धरून दाराच्या मधोमध हाताने थापट्या मारल्यावर काच हलली तर मोटारीचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा अडकतायत असं समजा. आणि काच चालता चालता बंद पडून पाच-दहा मिनिटांनी परत चालू होत असेल तर मोटार गरम होऊन तिचं आतलं संरक्षण तिला थांबवतंय, म्हणजे तिच्यावर लोड येतोय, आणि लोड बहुतेक वेळा काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलचा असतो.

या चॅनलचं जरा सांगतो. आतून त्याला मखमलीसारखं अस्तर असतं, त्यात आपली तांबडी धूळ बसते, पावसात ती ओली होते, ऑक्टोबरच्या उन्हात सुकून कडक होते आणि काच त्यात घासत चढते. लोक त्यात खोबरेल घालतात, कोण ग्रीस घालतं, कोण गंज सोडवायचा स्प्रे मारतं. दोन दिवस काच पळते, मग त्या तेलाला आणखी धूळ चिकटते, आणि खनिज तेलाने रबर फुगतं ते वेगळंच. फडक्याने चॅनल साफ करून सिलिकॉन स्प्रे मारा, एवढ्यावर सुटलं तर बाकीचं वाचायची गरज नाही. पावसासाठी लावलेले वायझर चॅनलच्या आत खोचायचे असतील तर ते काढूनपण एकदा बघा, तिथे जागा आधीच कमी असते.

आता खरंच आतली यंत्रणा गेली असेल तर.

रिपेअरची बाजू मोठी आहे आणि ती नाकारता येत नाही. आमच्या मेस्त्रीनी दार उघडून बघितलं आणि म्हणाले, "मोटारीक काय जावक नाय, तार तेवढी गेली हा, नवो सेट कित्याक घालतास?" आणि ते बरोबरच होतं. केबलवाल्या रेग्युलेटरमध्ये मोटार सहसा शेवटी जाते. आधी तारेला गंज चढतो, मग तिचा एखादा धागा सुटतो, तो ड्रममध्ये (तार गुंडाळणारी चकती) गुंडाळला जाऊन अडकतो, किंवा काच धरणारी प्लास्टिकची क्लिप तुटते आणि काच धपकन दारात पडते. कैचीवाल्या रेग्युलेटरमध्ये तार नसते, तिथे रोलर आणि पिना झिजतात, आणि तसली यंत्रणा तुमच्या गाडीत असेल तर डोळे झाकून रिपेअर करा, साफसफाई आणि ताजं ग्रीस एवढ्याने ती परत कामाला लागते. माझ्यात केबल होती. मेस्त्रीनी स्कूटरच्या केबलमधली तार घेतली, टोकाला शिसं ओतून गोळी केली, ड्रम साफ केला, मोटार उघडून सुकलेलं ग्रीस काढलं, ब्रश बघितले. मजुरीसकट हजाराच्या आत काम झालं, संध्याकाळी गाडी घरी. कंपनीची मूळ मोटार दणकट असते, आवाज दबका असतो, काच शेवटपर्यंत एका स्पीडने चढते, हे सगळं रिपेअरमध्ये टिकून राहतं आणि मला अजूनही ते आवडतं. जुनी चांगली वस्तू फेकून न देता तिलाच परत उभं करणारे मेस्त्री आपल्या गावात आहेत ही मोठीच सोय आहे.

नवीन सेट म्हणजे बाहेरच्या कंपनीचा, रेग्युलेटर आणि मोटार जोडूनच येणारा. माझा कोल्हापूरहून मागवला, फिटिंग धरून अडीच-तीन हजारांत बसला. सर्व्हिस सेंटरला मूळ पार्टची किंमत विचारली होती, ती त्याच्या दुपटीच्या वर होती आणि वर ऑर्डर टाकून थांबा. बाहेरच्या सेटचं खटकणारं सांगायचं तर मोटारीचा आवाज जरा चिरका आहे, पत्रा हाताला पातळ लागतो, आणि काच अगदी वर टेकताना डावीकडे जो घट्ट दबका ठप्प येतो तो इथे येत नाही. डाव्या-उजव्या दारांच्या काचा एकदम खाली केल्या तर फरक लगेच ऐकू येतो. दोन्हींतल्या नुसत्या चालण्यावर मार्क द्यायचे झाले तर मी रिपेअरला देईन.

पण माझा निकाल काचेच्या चालण्यावर लागलाच नाही, तो लागला दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या कागदावर. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

दाराच्या आत पाणी जातं, प्रत्येक गाडीत जातं, ते जायचंच असतं. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून ते आत उतरतं, काचेवरून ओघळत दाराच्या तळाला येतं आणि तिथल्या भोकांतून खाली पडतं. हे पाणी आणि तुमची सीट यांच्यामध्ये एकच गोष्ट असते, ट्रिमच्या (दाराचं आतल्या बाजूचं आवरण) मागे काळ्या चिकट ब्युटिलने लावलेला तो प्लास्टिकचा कागद. कंपनीतून आलेला असतो तोपर्यंत तो वर्षानुवर्षं टिकतो. गॅरेजमध्ये तो ओढून काढला जातो, कोपरे फाटतात, ब्युटिलला माती लागते, आणि परत लावताना चारी बाजूंनी सेलोटेप. देशावर सेलोटेप चालत असेल, तिथे पाऊस किती. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आंबोलीला तर ७००० च्या घरात, आणि जुलैच्या हवेत सेलोटेप आठवडाभरपण धरत नाही.

आणि रिपेअरचा खरा प्रश्न हाच आहे की दार एकदा उघडून भागत नाही. नवी तार थोडे दिवस वापरली की ताण सैल होतो, मग काच तिरकी चढायला लागते, मग परत ट्रिम काढून तार ओढून घ्यायची. स्कूटरची तार मूळ तारेपेक्षा जरा जाड आणि कमी लवचिक असते, तिला ड्रमवर बसायला वेळ लागतो, मेस्त्रींची त्यात चूक नाही, त्या कामाचा स्वभावच तसा आहे. पण दर खेपेला तो कागद आणखी फाटतो. माझ्या डाव्या दारात तेच झालं. काच छान चालायची आणि पावसात ट्रिमच्या खालच्या कडेने पाणी आत यायचं. पायाखालचं मॅट ओलं, गाडी बंद ठेवली की दोन दिवसांत कुबट वास, सीटच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. आई नेहमी डाव्या बाजूला बसते, फोंडा घाटात तिला काच खाली लागते नाहीतर मळमळतं, म्हणून तर ती काच आधी दुरुस्त केली होती, आणि नंतर तिचीच साडी खालून ओली व्हायला लागली. ते बघून फार वाईट वाटायचं. त्यात जुन्या गाड्यांच्या ट्रिममागे हार्डबोर्ड असतो, तो पाण्याने फुगला की क्लिपची भोकं मोठी होतात, क्लिप धरत नाहीत, मग ट्रिम खडखडते, स्पीकरचा कागद भिजून फरफर वाजतो. एका तारेपायी सगळं दार सुटत गेलं.

उजव्या दारात सेट घालायचं ठरलं तेव्हा हे सगळं डोळ्यासमोर होतं. दार उघडलं, जुनं सगळं बाहेर, नवं सगळं आत, कागद एकदाच निघाला आणि एकदाच लागला. त्यानंतर ते दार उघडावं लागलेलं नाही आणि आत थेंब नाही. मोटारीचा चिरका आवाज मी आता ऐकतपण नाही. पुढे डाव्या दारालाही नवा कागद आणि ब्युटिलची पट्टी लावून घेतली, आता तेही कोरडं आहे, पण तिथली तार परत सैल झाली तर मी ती ओढून न घेता सेटच घालेन हे मनात पक्कं आहे.

बाकीचे पर्याय थोडक्यात. भंगारातलं जुनं रेग्युलेटर स्वस्तात मिळतं, पण गाडी कुठल्या हवेतली होती हे कळत नाही, किनाऱ्याकडच्या गाडीचं असेल तर तारेवर तोच गंज असणार. घाटावरच्या गाडीचं आहे अशी खात्री असेल तर विचार करायला हरकत नाही. हाताने फिरवायचं हँडल बसवून घ्या असं जुनेजाणते सांगतात, ज्या मॉडेलला तशी व्हेरिएंट होती तिथे ते जमतं आणि टिकतंपण, मला ते नको होतं कारण गाडी चालवताना डावी काच आपल्या हातात राहत नाही आणि समुद्राकडून सर आली की ती क्षणात वर घ्यावी लागते. काही लोक काच वर लावून तशीच सोडून देतात. फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झाल्यावर टोलला काच खाली करायची वेळ फारशी येत नाही हे खरं, पण एसी बंद पडला की पुढची काच धुक्याने भरते आणि घाटात तेव्हा हवा आत यावीच लागते, म्हणून निदान ड्रायव्हरची तरी चालू ठेवा.

रिपेअर कोणी करावं, तर ज्यांची गाडी शेडमध्ये असते, ज्यांची कैचीवाली यंत्रणा आहे, किंवा गाडी वर्ष-दोन वर्षांत काढायचीच आहे त्यांनी जरूर करावं. गाडी १५ वर्षांची होत आली असेल तर हा विचार कराच, कारण एप्रिल २०२२ पासून रजिस्ट्रेशन नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० झाली आणि महाराष्ट्रात वर पर्यावरण कर असतो, ते भरून गाडी पुढे न्यायची नसेल तर नवीन सेटला पैसे घालण्यात अर्थ नाही. न्यायची असेल, आणि गाडी आमच्यासारखी माडाखाली उघड्यावर उभी असेल, तर मला तरी सेट बरा वाटतो. तुमच्याकडचे मेस्त्री कागद नीट काढणारे-लावणारे असतील तर माझं म्हणणं बाजूला ठेवा आणि रिपेअरलाच जा, इतकं ते सगळं त्या कागदावर आहे.

काहीही करा, काम एप्रिल-मेमध्ये करा. उन्हात ब्युटिल मऊ असतं, पातळ ब्लेडने कडेकडेने कापत गेलं की कागद न फाटता निघतो, आणि लावताना पत्रा कोरडा असल्यामुळे चिकटतोपण. मिरग लागल्यावर पत्र्याला दमटपणा असतो, काही चिकटत नाही, आणि गणपतीच्या आधी तर चाकरमान्यांच्या गाड्यांनी गॅरेज भरलेली असतात, तेव्हा कोणाला सांगायचं की कागद हळू काढ. ब्युटिलची नवी पट्टी आधीच मागवून ठेवा, क्लिपपण अर्धा डझन जास्तीच्या घ्या, दोन-तीन तुटतातच. दार उघडं आहे तोवर तळाची भोकं तारेने मोकळी करून घ्या, तिथे तांबड्या मातीचा थर असतो. आणि कागद लावायच्या आधी काच पूर्ण खाली-वर करून बघा, अर्धी चढल्यावर हाताने पुढे-मागे ढकलून क्लिपमध्ये हलते का बघा, हलत असेल तर बोल्ट तेव्हाच आवळून घ्या, कागद लागल्यावर मग मेस्त्रींना परत उघडायला सांगू नका.