अ‍ॅडॉप्ट मी मधले ट्रेड आणि टोप्या: लेकीच्या शेजारी बसून काही महिने खेळल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं मागून. रोब्लॉक्स या ऑनलाइन गेमच्या व्यासपीठावरच्या 'अ‍ॅडॉप्ट मी' या गेममधली ट्रेडची, म्हणजे वस्तूंच्या अदलाबदलीची, खिडकी चांगली बनवली आहे. माझ्या बघण्यातली जवळजवळ प्रत्येक फसवणूक खिडकीच्या बाहेर, चॅटमध्ये शिजली. खिडकीत फक्त शेवटचं बटण दाबलं गेलं. मुलांना खिडकी कशी वापरायची हे फार शिकवावं लागत नाही. बाहेरच्या गप्पांना 'नाही' म्हणायला शिकवणं हे खरं काम, आणि ते आपल्याच गळ्यात आहे.

ज्यांच्या घरी अजून हे वेड शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा गेम 2017 पासून आहे, पण त्यात पाळीव प्राणी आले 2019 च्या उन्हाळ्यात आणि सगळं चित्र पालटलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर एकाच वेळी खेळणाऱ्यांची संख्या 16 लाखांवर गेली होती. अंडं घ्यायचं, उबवायचं, निघालेल्या पेटला खाऊ घालायचं, झोपवायचं, मोठं करायचं. लहान मुलं इथवर खूश असतात. वय नऊ-दहा झालं की त्यांना कळतं की खरी मजा अदलाबदलीत आहे. काही पेट ठरावीक सणापुरते विकले गेले आणि परत आलेच नाहीत. शॅडो ड्रॅगन 2019 च्या हॅलोवीनला आणि फ्रॉस्ट ड्रॅगन त्याच वर्षीच्या नाताळात, दोन्ही हजार-हजार रोबक्सला (रोबक्स म्हणजे रोब्लॉक्सवरचं चलन) होते, म्हणजे अमेरिकेतल्या भावानं दहा-बारा डॉलर. आता ते हवे असतील तर कोणाकडून तरी ट्रेडमध्येच मिळवावे लागतात. जिथे माल संपलेला आणि गिऱ्हाईक दहा वर्षांचं, तिथे ठग येणारच.

माझी लेक दहाची, भाचा तेराचा. दिवाळीच्या सुट्टीपासून मी दोघांच्या शेजारी बसते. आधी लक्ष ठेवायला बसत होते, नंतर मलाच गोडी लागली. हे नवऱ्याला सांगू नका.

खिडकीबद्दल. दोन्ही बाजूंनी वस्तू मांडायच्या, दोघांनी 'अ‍ॅक्सेप्ट' दाबायचं, मग पुन्हा एकदा पक्कं करायचं. मध्येच कोणी एखादी वस्तू बदलली की आधीची संमती रद्द होते आणि काही सेकंद बटण दाबताच येत नाही. फार एकतर्फी सौदा असेल तर गेम सावधही करतो. महागाचे, म्हणजे अल्ट्रा-रेअर आणि लेजंडरी पेट बदलायचे असतील तर आधी ट्रेड लायसन्स काढावं लागतं. त्यासाठी छोटी परीक्षा असते, ज्यात नमुन्याचे सौदे दाखवून यात फसवणूक आहे का असं विचारतात. माझ्या लेकीनं ती परीक्षा आरटीओच्या थाटात दिली आणि पास झाल्यावर घरभर मिरवली. लायसन्सबरोबर ट्रेडचा इतिहासही मिळतो. कोणाशी, काय देऊन काय घेतलं, सगळं तिथे दिसतं आणि तिथूनच रिपोर्ट करता येतो. रिपोर्ट केला म्हणजे गेलेली वस्तू परत आलीच असं धरून मात्र चालू नका.

आता त्या खिडकीत काय बघायचं ते जरा तपशिलात लिहिते, कारण मुलं चित्र बघतात आणि ठग नेमका त्यावरच खेळतो. पेटच्या चित्रावर छोटी अक्षरं असतात. एफ म्हणजे उडणारा, आर म्हणजे ज्यावर बसता येतं तो, एन निऑन, म्हणजे चकाकणारा, एम मेगा निऑन, म्हणजे त्याहून वरचा. एकच पेट, पण एन असला-नसला की भावात जमीन-अस्मानाचा फरक. जुना डाव असा: निऑन मांडायचा, गप्पा मारत राहायच्या, मग 'थांब, चुकून दाबलं' म्हणून सगळं काढून पुन्हा मांडायचं. या वेळी पेट तोच, पण एन गायब. सेकंद थांबवणारी ती व्यवस्था याच डावासाठी आहे, पण घाई करणाऱ्या मुलाला ते सेकंद म्हणजे नुसती कटकट वाटते.

दुसरा प्रकार नावातला. एकानं लेकीला विचारलं, तुझ्या दोन लेजंडरींच्या बदल्यात फ्रॉस्ट देऊ का? ही हरखली. खिडकीत आला तोही निळसर-पांढराच, शिंगांचा. तिनं त्यावर बोट ठेवून नाव वाचलं आणि म्हणाली, "आई, हा ड्रॅगन नाही गं, फ्युरी आहे." फ्रॉस्ट फ्युरी हा वेगळा पेट, नंतरच्या हिवाळ्यातला, आणि भावात फ्रॉस्ट ड्रॅगनच्या जवळपासही नाही. गंमत म्हणजे समोरचा खोटं बोललाच नव्हता. 'फ्रॉस्ट' म्हणाला होता, फ्रॉस्टच दिला! अशा माणसाला रिपोर्ट कशाबद्दल करणार? लेकीनं 'एनटीवाय' लिहिलं आणि खिडकी बंद केली. (एनटीवाय म्हणजे नको, धन्यवाद. डब्ल्यूएफएल म्हणजे हा सौदा फायद्याचा, बरोबरीचा की तोट्याचा. ही भाषा पालकांनी शिकून घ्यावी, पाठीमागून वाचताना बरं पडतं.)

पण मी वर म्हटलं तसं, हे खिडकीतले प्रकार तुलनेनं गरीब. खरी टोपी घालतात ती विश्वासाच्या नावावर. 'आधी तू दे, मग मी देतो.' कारणं हरतऱ्हेची. मी यूट्यूबवर व्हिडिओ करतोय, जो माझ्यावर विश्वास ठेवेल त्याला मेगा फुकट. माझा पेट अडकलाय, तुझा दिलास की सुटेल. खिडकीत मावत नाही, दोन भागात करू. हे शेवटचं कारण बिलंदर आहे, कारण ते अर्धं खरं असतं. कित्येक वर्षं खिडकीत एका बाजूला नऊच खाने होते आणि मोठा सौदा त्यात खरंच बसत नसे. मुलांसाठी घरी एकच नियम केला: दोन्ही बाजू एकाच खिडकीत एकाच वेळी दिसत नसतील तर तो सौदा नाही, देणगी आहे. देणगी द्यायची असेल तर खुशाल द्या, फक्त परत मिळेल म्हणून बसू नका.

त्याच कुळातला निऑनवाला डाव मला सगळ्यात वाईट वाटला. निऑन बनवायला एकाच जातीचे चार पूर्ण वाढलेले पेट लागतात. पुलाखालच्या गुहेत चार वर्तुळांवर ते ठेवायचे की एक चकाकणारा पेट तयार होतो. असे चार निऑन मिळून एक मेगा, म्हणजे मुळात सोळा पेट. एक पेट पूर्ण वाढवायलाही बराच वेळ जातो, त्यामुळे तीनवर येऊन अडकलेली मुलं खूप. अशा मुलाजवळ कोणीतरी येतो आणि म्हणतो, माझ्याकडे चौथा आहे, तुझे तीन दे, मी गुहेत निऑन करून तुला देतो. दोघांचे पेट एकत्र करून निऑन करायची सोय गेममध्ये नाही, चारही एकाच्याच ताब्यात हवेत, म्हणून हे पटतंही. लेकीच्या मैत्रिणीचे असे तीन गेले. त्यात पैसा एक रुपयाचाही नव्हता, गेली ती तिची रोज शाळेतून आल्यावरची मेहनत, आणि ती पोरगी नंतर दोन दिवस नीट जेवली नाही. 'खेळच तर आहे' असं तेव्हा मोठ्यांपैकी कोणी म्हणू नये.

गेमबाहेरच्या सौद्यांवर फार शब्द खर्च करत नाही. पेटच्या बदल्यात रोबक्स, गिफ्ट कार्ड किंवा दुसऱ्याच गेममधली वस्तू देऊ करणाऱ्यांशी बोलायचंच नाही. ते नियमात बसत नाही आणि कुठल्याच खिडकीत दोन्ही बाजू दिसत नाहीत. मध्यस्थ म्हणून डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर कोणी ओळखीचा 'भरवशाचा' माणूस आणला तर तो बहुतेक वेळा त्याच टोळीतला. भावाचं म्हणाल तर गेम स्वतः कुठलाही अधिकृत भाव देत नाही. खेळणाऱ्यांनी चालवलेल्या याद्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. 'तुझ्या पेटचा भाव पडला, आत्ताच काढ' असं कोणी म्हणालं तर दुसरी यादी बघेपर्यंत थांबायचं, एवढंच.

आता उघडं पाडण्याबद्दल, ज्यावर आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाले.

भाच्याच्या वयाच्या मुलांना ठग ओळखण्यापेक्षा त्याला 'एक्स्पोज' करण्यात जास्त रस. स्क्रीन रेकॉर्ड करायची, लाल बाण काढायचा, थरारक संगीत लावायचं, व्हिडिओ टाकायचा. माझं मत सरळ आहे: रेकॉर्ड जरूर करा, पण टाकू नका. ठगाबद्दल मला काडीची दया नाही. मुलं चुकीच्या माणसाला धरतात, म्हणून सांगते. रोब्लॉक्सवर डोक्यावर दिसतं ते डिस्प्ले नेम. ते फुकट बदलता येतं, सात दिवसांतून एकदा, आणि एकाच डिस्प्ले नेमचे कितीही खेळाडू असू शकतात. खरं वापरकर्ता नाव वेगळं असतं, ते बदलायला हजार रोबक्स पडतात. मुलांच्या व्हिडिओत मात्र हटकून डिस्प्ले नेमच मोठ्या अक्षरात असतं. म्हणजे बदनामी होते त्या नावाच्या भलत्याच पोराची, आणि ठग पुढच्या आठवड्यात नवीन पाटी लावून मोकळा.

याहून वाईट प्रकार भाच्याच्या वर्गातच झाला. एका मुलाच्या खात्यावरून सगळ्या मित्रांना निरोप गेला: मला स्पर्धेत मत दे, इथे लॉगिन कर. लिंक उघडली की हुबेहूब रोब्लॉक्सचं पान, पत्त्यात तेवढं एक अक्षर इकडचं तिकडे. दोघांनी पासवर्ड टाकला आणि दोघांच्या पेटांवर हात साफ झाला. वर्गानं लगेच त्या मुलाचा 'एक्स्पोज' व्हिडिओ केला. आणि तो मुलगा? त्याचं खातं आदल्या रात्रीच अशाच लिंकवरून गेलेलं होतं. तो तर आईच्या फोनवरून पासवर्ड परत मिळवायच्या खटपटीत होता. ओळखीच्या खात्यावरून आलेली फसवी लिंक म्हणजे बहुधा ओळखीचा माणूसच लुटला गेलाय, एवढी साधी गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही, कारण सगळ्यांना गुन्हेगार हवा होता. व्हिडिओ नंतर काढला, पण वर्गात त्या पोराला 'स्कॅमर' म्हणून हाका मारणं शाळा संपेपर्यंत चाललं.

ठगालाच ठगवणं हाही एक लोकप्रिय प्रकार. आपण भोळे आहोत असं दाखवायचं, त्यालाच आधी द्यायला लावायचं आणि पळायचं. भाचा याला न्याय म्हणतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "ट्रेडचा इतिहास बघणाऱ्याला तुझा चेहरा दिसत नाही रे बाबा, त्याला दिसतं ते तू घेतलंस आणि दिलं काहीच नाहीस." त्यावर त्याचं उत्तर आलेलं नाही.

म्हणून आमच्याकडची पद्धत कंटाळवाणी आहे. इतिहासातून रिपोर्ट, त्याच्या प्रोफाइलवर जाऊन वापरकर्ता नाव टिपून ठेवणं, चॅटचा स्क्रीनशॉट, ब्लॉक, आणि मित्रांना फोनवर तोंडी सांगणं. खातं गेल्याची शंका आली तर आधी पासवर्ड बदलायचा, मग सगळीकडून लॉगआउट, आणि दोन टप्प्यांची पडताळणी तर आधीच चालू हवी. ब्राउझरमधली लांबलचक कुकी (लॉगिन चालू ठेवणारी अक्षरांची ओळ) कोणी 'कॉपी करून दे' म्हणालं तर ती पासवर्डइतकीच जपायची. तिच्या सुरुवातीलाच कोणाला देऊ नका असा इशारा इंग्रजीत लिहिलेला असतो, पण मुलं तो वाचत नाहीत. आणि खरे रुपये गेले असतील, यूपीआयनं किंवा गिफ्ट कार्डाचा नंबर देऊन, तर मग गेममधल्या रिपोर्टवर थांबू नका. 1930 वर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा, आणि तेही त्याच दिवशी. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता आले तर आले.

नोव्हेंबर 2025 मध्ये रोब्लॉक्सनं चॅटसाठी चेहऱ्यावरून वय तपासायचं जाहीर केलं. त्यावर पालकांची मतं दोन्हीकडची आहेत, चेहरा कशाला द्यायचा हा प्रश्न माझ्याही मनात आहे. पण ट्रेडपुरतं बोलायचं तर लेकीचं चॅट आम्ही आता बंदच ठेवलंय आणि तिचं काही अडत नाही. ट्रेड करायला बोलावं लागतच नाही. तो मांडतो, ही मांडते, जमलं तर बटण, नाहीतर फुली. विश्वासाच्या नावावरचे सगळे डाव बोलण्यावर चालतात, ते आपोआप बाद.

आठ वर्षांखालच्या मुलांसाठी माझा सल्ला: सेटिंगमधून ट्रेडच्या विनंत्या बंद ठेवा किंवा फक्त मित्रांपुरत्या ठेवा आणि लायसन्सची परीक्षा अजून देऊ नका. दहाच्या पुढे खुशाल करू द्या, पण पहिले काही सौदे शेजारी बसून. लेक सध्या एका जिराफासाठी घासाघीस करतेय आणि समोरचा अजून एक निऑन मागतोय. माझ्या मते हा तोटा आहे. तिच्या मते मला जिराफांतलं काही कळत नाही.