‘स्कार्लेट’ : दुसऱ्या लेखिकेने पुढे नेलेली घराण्याची कथा आणि सोलापूरचे आम्ही वाचक

आम्ही आठ-नऊ जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होटगी रस्त्यावरच्या एका घरी जमतो आणि आधी ठरवून वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. गेल्या महिन्यातले पुस्तक होते अलेक्झांड्रा रिप्ले यांची ‘स्कार्लेट’ ही आठशेहून अधिक पानांची इंग्रजी कादंबरी, म्हणजे मार्गारेट मिचेल यांच्या ‘गॉन विथ द विंड’चा पुढचा भाग. त्यावर मतभेद इतके झाले की सहाला उठणारी बैठक साडेआठपर्यंत चालली. कादंबरीचा शेवट या लेखात येणार आहे, हे ज्यांना ती वाचायची आहे त्यांच्यासाठी आधीच सांगून ठेवतो.

मूळ कादंबरी १९३६ सालची. तिला १९३७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. नवरा ऱ्हेट घर सोडून जातो आणि नायिका स्कार्लेट एकटी उरते, तिथे मिचेल यांनी लेखणी खाली ठेवली आणि वाचकांनी कितीही गळ घातली तरी पुढचा भाग लिहायला त्यांनी ठाम नकार दिला. १९४९ साली अटलांटात मोटारीची धडक बसून त्या गेल्या. पुस्तकाचा स्वामित्वहक्क त्या वेळच्या कायद्याप्रमाणे २०११ साली संपणार होता. मग कोणीही उठून पुढचा भाग लिहिण्यापेक्षा आपण निवडलेल्या लेखिकेने तो लिहावा, असा विचार वारसदारांनी केला आणि चार्ल्सटनमध्ये जन्मलेल्या, त्या शहरावर आधी कादंबरी लिहिलेल्या रिप्ले यांच्याकडे हे काम आले. १९९१ साली पुस्तक निघाले, लाखोंनी खपले आणि समीक्षकांनी त्यावर कठोर टीका केली.

सोलापूरच्या वाचकाला ही कथा परकी वाटत नाही, याचे कारण कापूस आहे. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेतला कापूस बंदरातच अडकला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या, मुंबईत भाव भडकले आणि युद्ध संपताच कोसळले. सोलापूरला आगगाडी १८६० साली आली होती, म्हणजे तारा या स्कार्लेटच्या माहेरच्या कापसाच्या मळ्यातले पीक जळत होते त्याच वर्षांत आपल्या भागातल्या कापसाला दूरचे गिऱ्हाईक मिळाले होते. आमच्यातल्या ज्या काकूंचे वडील गिरणीत कामाला होते, त्यांनी मूळ कादंबरी दोनदा वाचली आहे. धंदा बुडाल्यावर घरातली बाई काय काय करते, हे त्या पुस्तकात खरे उतरले आहे, असे त्या म्हणाल्या.

पुढच्या भागाबद्दलची माझी मुख्य तक्रार इथेच सुरू होते. कथा १८७३ साली, स्कार्लेटची नणंद मेलनी हिच्या अंत्यविधीपासून उचलली आहे आणि पहिला शे-दोनशे पानांचा भाग चांगला आहे. चार्ल्सटनमधले वाडे, युद्धात सर्वस्व गेल्यावरही रीतभात सांभाळणाऱ्या तिथल्या बायका, ऱ्हेटची आई एलिनॉर, बाजारातल्या सकाळी हे सगळे लेखिकेच्या डोळ्यांसमोरचे आहे आणि ते वाचताना जाणवते. ऱ्हेट आणि स्कार्लेट यांची होडी वादळात उलटते तो प्रसंग तर आमच्यापैकी कोणालाही खाली ठेववला नाही. पण त्यानंतर स्कार्लेट सव्हानामार्गे थेट आयर्लंडला जाते आणि कादंबरीचा उरलेला मोठा भाग तिथेच घडतो. कापूस सुटतो, तारा सुटते, हरलेल्या दक्षिणेत मुक्त झालेल्या गुलामांचे आणि त्यांच्या जुन्या मालकांचे रोजचे जगणे कसे बदलत होते हा सगळ्यांत अवघड प्रश्नही सुटतो. स्कार्लेटला लहानाची मोठी करणारी कृष्णवर्णीय दाई मॅमी सुरुवातीलाच मरते, आणि तिच्याबरोबर कृष्णवर्णीय माणसे कथेच्या कडेला सरकतात. मूळ कादंबरीने गुलामगिरीचे चित्र गोड करून रंगवले, हा तिच्यावरचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून तर पुढचा भाग लिहिणाऱ्याला ते चित्र दुरुस्त करण्याची संधी होती. रिप्ले यांनी ती घेतली नाही, त्या समुद्रापार निघून गेल्या.

काकूंचा राग मात्र वेगळ्याच गोष्टीवर होता आणि तो सर्वांना पटला. स्कार्लेट आपली आधीची दोन मुले, वेड आणि एला, बहिणीजवळ तारावर ठेवून जाते आणि आयर्लंडमध्ये झालेल्या कॅट या मुलीवर जीव ओवाळून टाकते. “त्या दोघांची आठवण हिला का येत नाही? मिचेलबाईंची स्कार्लेट वाईट आई होती, पण ती तशी आहे हे त्यांनी लपवलं नव्हतं. इथे तिला चांगली आई म्हणून दाखवायचं आणि दोन पोरांना विसरायचं, हे कसं चालेल?” हा प्रश्न मी वाचताना मला पडला नव्हता, याची मला खंत वाटते.

पुस्तकाच्या बाजूने निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई एकट्या, पण मनापासून बोलल्या. त्यांनी मूळ कादंबरी कॉलेजात असताना वाचली, ऱ्हेट परत येतो की नाही याचा घोर त्यांना चाळीस वर्षे होता आणि शेवटी बॅलीहारा ही स्कार्लेटची आयर्लंडमधली जहागीर पेटवली जात असताना तो येतो, मुलीला पहिल्यांदा पाहतो, ती पाने वाचताना त्यांना रडू आले. “भाषा कमी पडते, कबूल. पण मला भेट हवी होती, ती मिळाली,” असे त्या म्हणाल्या. हे मत मी हलके मानत नाही, कारण लाखो प्रती याच ओढीने घेतल्या गेल्या असणार.

यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या आमच्या एका मित्राने मग मागाचे उदाहरण दिले. जुन्या बीमचा, म्हणजे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाचा, ताणा संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा त्याला गाठ मारून जोडतात. एखादा धागा राहिला तरी कापडात तेवढी फट शेवटपर्यंत येते. त्याच्या मते रिप्ले यांनी प्रेमाचे धागे नीट जोडले आणि भुकेचे, पैशाचे, लबाडीचे धागे तसेच सोडले. मला हे म्हणणे अचूक वाटते. मूळची स्कार्लेट स्वार्थी होती, हिशेबी होती, म्हणून जिवंत होती. आयर्लंडमध्ये ती गावाची लाडकी मालकीण होते, आणि जमीनदार विरुद्ध कुळे हा तिथला धगधगता संघर्षही तिच्या प्रणयाला पार्श्वभूमी म्हणून उरतो.

२००७ साली वारसदारांच्याच संमतीने डोनाल्ड मकेग यांनी ऱ्हेटच्या बाजूने वेगळी कादंबरी लिहिली आणि तिच्यात रिप्ले यांची कथा जमेस धरलीच नाही. ती आम्ही पुढच्या बैठकीसाठी ठरवली आहे. ‘स्कार्लेट’ कोणी मागितली तर चार्ल्सटनचा भाग सावकाश वाचावा, असे मी सांगेन. आयर्लंड सुरू झाल्यावर मन लागले नाही तर शेवटची पन्नास-साठ पाने तेवढी वाचावीत. आमची प्रत सध्या काकूंकडे आहे. वेड आणि एलाचा उल्लेख जिथे जिथे येतो, त्या पानांवर त्या पेन्सिलीने खुणा करत आहेत.