अन्यायाने किक झाल्यावर: पुन्हा अनोळखी क्यू, एनपीसी साथीदार की आपला गट?

ऑनलाइन खेळात डंजन, म्हणजे शत्रूंनी भरलेली आणि गटाने मिळून पार करायची जागा, निम्म्यावर आलेलं असताना गटाने मतदान करून बाहेर काढलं, म्हणजे किक केलं, आणि आपलं काय चुकलं तेही कळलं नाही, असा अनुभव ज्यांना आला आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशा वेळी खेळच बंद करावा असं वाटतं. मलाही वाटलं होतं. खेळ सोडायचा नसेल तर तीन वाटा उरतात: पुन्हा अनोळखी लोकांबरोबर क्यू लावायचा (खेळ गट जुळवून देईपर्यंत रांगेत थांबायचं), माणसं टाळून एनपीसी, म्हणजे खेळच चालवतो अशा साथीदारांबरोबर डंजन करायचं, किंवा ओळखीच्यांचा गट जमवायचा. तिन्ही वाटांनी मी मनापासून खेळलो आहे, जास्त करून वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आणि फायनल फँटसी फोर्टीनमध्ये. म्हणून उदाहरणं त्या दोन खेळांतली देतो. पुढे तीन शब्द सतत येतील: शत्रूचे घाव अंगावर घेतो तो टँक, सोबत्यांना बरं करतो तो हीलर, आणि मुख्यतः मारा करतो तो डीपीएस.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक किक अन्यायाची नसते. लाईट गेली, राउटर बंद पडला, तुमचं पात्र दारातच पुतळ्यासारखं उभं राहिलं आणि बाकीच्यांनी थोडा वेळ वाट पाहून तुम्हाला काढलं, तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांचाही वेळ जात असतो. मी बोलतो आहे ते दुसऱ्या प्रकाराबद्दल: नवीन आहे म्हणून, गिअर (शस्त्रं-चिलखत) कमी दिसतं म्हणून, मित्राला आत घ्यायचं आहे म्हणून, किंवा चॅटमध्ये कुणाला तरी ‘जरा हळू’ म्हटलं म्हणून झालेली किक.

अनोळखी क्यूपासून सुरुवात करू. वॉरक्राफ्ट २००४ मध्ये आला तेव्हा आपोआप गट जुळवणारी सोय नव्हती. शहरात उभं राहून चॅटमध्ये माणसं गोळा करायची आणि चालत डंजनच्या दारापर्यंत जायचं. त्यात वेळ फार जायचा, पण सगळे एकाच सर्व्हरचे असल्यामुळे नावं लक्षात राहायची. जो टँक लोकांना तोडून बोलायचा, त्याच्याबरोबर जायला पुढे कुणी तयार होत नसे. डिसेंबर २००९ मध्ये डंजन फाइंडर आला आणि वेगवेगळ्या सर्व्हरची माणसं एका बटणावर एकत्र यायला लागली. सोय प्रचंड झाली, त्याबद्दल वाद नाही. पण अर्ध्या तासासाठी जमलेली ही पाच माणसं एकमेकांना पुन्हा कधी भेटणार नाहीत, हेही त्याच बटणाबरोबर आलं. नावाची लाज उरली नाही. माझ्या मते अन्यायाच्या किकचं मूळ इथे आहे. मतदानाची सोय असायलाच हवी. ती नसती तर डंजनमध्ये नुसत्या उभ्या राहणाऱ्याला हलवणार कोण? प्रश्न एवढाच आहे की मत देणाऱ्याला त्या मताची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

२०१९ मध्ये वॉरक्राफ्ट क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातला वॉरक्राफ्ट, आला तो डंजन फाइंडरशिवाय. २०२२ मध्ये रॅथ ऑफ द लिच किंग क्लासिक निघाला तेव्हाही तो मुद्दाम बाजूला ठेवला होता. खेळाडूंमध्ये बराच वाद झाला आणि २०२३ मध्ये तो आणावा लागला. लोकांना ओळख हवी असते, पण वाट पाहायची नसते. मला दोन्ही बाजू पटतात.

आता क्यूच्या बाबतीत हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहू. लढाई चालू असताना किक करता येत नाही, हे दोन्हीकडे आहे. स्वतःहून डंजन सोडलं तर दोन्हीकडे ३० मिनिटं पुन्हा क्यू लावता येत नाही, त्यामुळे कुणी चॅटमध्ये त्रास देत असलं तरी रागाच्या भरात पटकन बाहेर पडू नका. फरक पडतो तो वातावरणात. फायनल फँटसीमध्ये मतदान सुरू करणाऱ्याला कारण निवडावं लागतं, आणि लूटचं (मिळालेल्या वस्तूंचं) वाटप अडलेलं असताना काढता येत नाही. गटात कुणी ते डंजन पहिल्यांदाच करत असेल तर सगळ्यांना जास्तीचं बक्षीस मिळतं, म्हणजे नवख्या माणसाला गटात ठेवण्यात इतरांचाच फायदा असतो. डंजन संपल्यावर प्रत्येकाला सोबतच्या एकाला कमेंडेशन देता येतं. वरवर ही छोटी सोय वाटते, पण शेवटी कुणाला तरी शाबासकी द्यायची आहे हे डोक्यात असलं की माणूस बरा वागतो, असं मला दिसलं आहे.

त्याच खेळातलं आणखी एक उदाहरण मला फार आवडतं. प्रेटोरियम नावाच्या कथेतल्या डंजनमध्ये नवे खेळाडू कटसीन (मधले कथेचे प्रसंग) बघत बसायचे आणि जुने पुढे पळून बॉस (मोठा शत्रू) मारून टाकायचे. कुणाला काढलं जात नव्हतं, पण नव्याला त्याच्याच गोष्टीतून बाहेर ठेवल्यासारखं व्हायचं. २०१८ मध्ये तिथले कटसीन वगळताच येणार नाहीत असं केलं गेलं, आणि २०२२ मध्ये ते डंजन आठऐवजी चार जणांसाठी नव्याने बांधलं. लोकांच्या चांगुलपणावर न सोडता रचनाच बदलली.

म्हणून क्यूच लावायचा असेल तर नवख्यांनी फायनल फँटसीपासून सुरुवात करावी, असं मी भीत भीत सुचवेन. हे काही मोजून काढलेलं नाही. वॉरक्राफ्टमध्येही मला अतिशय सांभाळून घेणारे गट मिळाले आहेत.

तरीही क्यू हा माझा पहिला पर्याय राहिला नाही, आणि त्याचं कारण एकच आहे. कुठल्या खेळात घडलं ते सांगत नाही, कारण ते कुठेही घडू शकतं. मी डीपीएस होतो, म्हणजे क्यूमध्ये सगळ्यात जास्त वेळ थांबणारा. गटातले तिघं एकाच गिल्डचे (खेळाडूंच्या कायमच्या संघाचे) होते, तिघांच्या नावाखाली तेच नाव दिसत होतं. डंजन व्यवस्थित चाललं होतं. कुणी मेलं नाही, कुणी काही बोललं नाही. शेवटच्या बॉसच्या दाराशी आलो, सगळे थांबले, आणि पुढच्या क्षणी मी बाहेर शहरात उभा होतो. पडद्यावर गटातून काढल्याची एक ओळ आली, बस.

किक झाली याचं दुःख मी पचवलं असतं. बॉसची लूट गेली, थांबलेला वेळ गेला, तेही ठीक. मला खुपलं ते हे की विचारायला कुणीच उरलं नव्हतं. गट संपला की त्या गटाचं चॅटही संपलं. माणसं दुसऱ्या सर्व्हरची, नावं नीट वाचलेली नाहीत. माझा डॅमेज कमी होता का? मी चुकीच्या ठिकाणी उभा होतो का? की त्यांच्या चौथ्या मित्राला आत यायचं होतं? काही सुधारायचं असेल तर काय सुधारायचं, हेही कळायला मार्ग नाही. न सांगता दिलेल्या शिक्षेतून माणूस काहीच शिकत नाही, फक्त पुढच्या डंजनमध्ये बिचकून खेळतो. मी बराच काळ तसाच खेळलो. शत्रूंच्या प्रत्येक तुकडीनंतर चॅटकडे नजर जायची.

त्यात साधं गणित आहे. पाचांत तीन मतांनी किक होत असेल आणि तिघं एकत्र आले असतील, तर मतदान सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. उरलेल्या दोघांचं मत विचारलं जातं, पण त्याला वजन नसतं. तक्रार करता येते आणि करावी. चॅटमध्ये शिवीगाळ झाली असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ आणि डंजनचं नाव लिहून ठेवा. पण तक्रारीचं पुढे काय झालं हे तक्रार करणाऱ्याला सहसा सांगितलं जात नाही. मन हलकं व्हायला तिचा फारसा उपयोग होत नाही.

दुसरी वाट एनपीसी साथीदारांची. फायनल फँटसीमध्ये २०१९ च्या शॅडोब्रिंगर्स या विस्तारापासून ट्रस्ट नावाचे साथीदार आले, आणि २०२२ मध्ये ड्यूटी सपोर्टमुळे खेळाच्या सुरुवातीच्या मुख्य कथेतली डंजनंही एकट्याला करता यायला लागली. वॉरक्राफ्टमध्ये जानेवारी २०२४ पासून फॉलोअर डंजन आहेत. किक होऊन मन विटलं असेल तर पहिले काही दिवस हेच करा, असं मी कुणालाही सांगेन. हवं तिथे थांबता येतं, भिंतीवरचं कोरीवकाम बघता येतं, बॉसची एखादी चाल समजली नाही तर पुन्हा मरून बघता येतं. फायनल फँटसीचे साथीदार बॉसच्या चाली बऱ्यापैकी अचूक टाळतात, त्यांच्या पावलांवर लक्ष ठेवलं तरी अर्धं डंजन समजतं. आपल्याकडून युरोपच्या सर्व्हरवर खेळताना पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चढतं आणि पाऊल उशिरा पडतं. एनपीसींबरोबर त्यावरून कुणी नावं ठेवणारं नसतं, ही सुटकाही मोठी आहे.

पण ही वाट फार लांब जात नाही. वॉरक्राफ्टमध्ये ती नॉर्मल, म्हणजे सोप्या दर्जापुरती आहे, म्हणजे गिअर लवकरच पुरेनासं होतं. फायनल फँटसीत रोजच्या रूलेटचा (खेळ निवडेल ते डंजन करण्याचा) बोनस यातून मिळत नाही आणि २४ जणांच्या अलायन्स रेड या मोठ्या मोहिमांना एनपीसी येत नाहीत. वेगही कमी असतो. शिवाय चांगला हील वेळेवर पडला तर ‘वा’ म्हणायला कुणी नसतं. माझ्यासाठी डंजन म्हणजे निम्मी माणसं आहेत, त्यामुळे शिकून झालं की मला तिथे राहवेना.

तिसरी वाट आपल्या गटाची. इथे अडचण आधी सांगतो, कारण ती खरी आहे. भारतातून खेळणाऱ्याला वेळ जुळवणं जड जातं. युरोपातल्या गिल्डची संध्याकाळ आठची वेळ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. सकाळी ऑफिस असलेल्याला हे रोज झेपणार नाही. जपानची संध्याकाळ आठ म्हणजे आपली दुपारची साडेचार, तीही नोकरदाराच्या सोयीची नाही. जर्मनीत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी खेळाडूंना हा प्रश्नच येत नाही, त्यांनी तर ही वाट आधी बघावी.

मी निवडलेली तोड अशी: पूर्ण गटाचा हट्ट धरायचा नाही. आम्ही दोघं-तिघं ओळखीचे डिस्कॉर्डवर बोलत एकत्र क्यू लावतो आणि उरलेल्या जागा खेळ भरतो. मतांचं गणित आमच्या बाजूला आलं, म्हणून जबाबदारीही आली. आमच्यात ठरलेलं आहे की कुणाला काढायचं मनात आलं तर आधी चॅटमध्ये त्याला विचारायचं: काही अडचण आहे का, पहिल्यांदाच करतोय का, बॉसबद्दल सांगू का? बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. माणूस ‘हो, नवीन आहे’ लिहितो, आम्ही थांबून सांगतो, डंजन पार पडतं. मला जे कुणी सांगितलं नव्हतं ते आम्ही निदान दुसऱ्याला सांगतो, याचं मला खरंच समाधान आहे. आणि आपल्यातल्या कुणाचं काही चुकलं तर हेडफोनमध्ये लगेच ऐकू येतं, ‘अरे, आगीतून बाहेर ये’. कारण कळतं, सुधारता येतं.

वॉरक्राफ्टमध्ये मिथिक प्लसकडे, म्हणजे घड्याळ लावून करायच्या, चढत जाणाऱ्या अवघड डंजनांकडे वळायचा विचार असेल तर तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथे आपोआप क्यू नाहीच, ज्याच्याकडे त्या डंजनची की (किल्ली) असते तो गट जमवतो आणि आलेल्या अर्जांतून माणसं निवडतो. बरेच जण रेडर आयओ या वेबसाइटवरचा खेळाडूचा स्कोअर बघूनच ठरवतात. आत गेल्यावरचा त्रास कमी, पण नवख्याला दारातच अडवलं जातं. तिथे तर ओळखीशिवाय सुरुवात करणं मला फार कठीण वाटलं.

तुम्ही टँक किंवा हीलर असाल तर अनोळखी क्यूचं दुखणं तुम्हाला कमी जाणवेल. काढलं तरी नवा गट चटकन मिळतो. टँक आणि हीलरचा तुटवडा इतका जुना आहे की वॉरक्राफ्टने २०११ मध्ये त्यांच्यासाठी खास जादा बक्षीस सुरू केलं. तुम्ही खुशाल क्यू लावा. डीपीएस असाल, पिंग जास्त असेल आणि एकदा मन दुखावलं असेल, तर मात्र क्यूमध्ये एकट्याने लगेच परत जाऊ नका असं मला वाटतं. थोडे दिवस एनपीसींबरोबर डंजन पाठ करा, मग माणसं शोधा.

ती शोधायची जागा क्यूच आहे. डंजन नीट झालं आणि कुणाबरोबर खेळायला बरं वाटलं, तर सगळे पांगायच्या आत दोन शब्द लिहा: छान झालं, पुन्हा याल का? वॉरक्राफ्टमध्ये बॅटलटॅग (मित्रयादीत घ्यायला लागणारं खेळाडूचं नाव) मागा, फायनल फँटसीत फ्रेंड रिक्वेस्ट पाठवा. बरेच जण उत्तर न देता निघून जातात, ते मनाला लावून घेऊ नका. सुरुवातीला एकच माणूस मिळाला तरी पुरतो. तो टँक किंवा हीलर निघाला तर आणखी उत्तम, कारण त्याच्याबरोबर तुमचा क्यूही लवकर लागेल.