सिडकोतलं कुत्र्यांचं पाच गुंठ्यांचं मैदान: फाटक उत्तम, पाण्याची आबाळ

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागात एका कॉलनीतल्या रहिवाशांनी मोकळ्या भूखंडाला जाळी लावून कुत्र्यांसाठी मैदान केलंय. लांबी ९० फूट, रुंदी ६० फूट, म्हणजे पाच गुंठे. फाटकाशी दोरी काढायची आणि आत कुत्रं मोकळं सोडायचं. प्रवेशाला पैसे नाहीत. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या लॅब्रेडॉरला किंवा जर्मन शेफर्डला दिवसभरात दोरीला बांधून मारलेल्या दोन फेऱ्यांपलीकडे काही मिळत नाही. त्यामुळे या पाच गुंठ्यांचं मोल फार आहे.

हैदराबादच्या कोंडापूरला तिथल्या महापालिकेनं २०१८ मध्ये श्वान उद्यान केलं, ते १.३ एकरांचं, म्हणजे ५२ गुंठ्यांचं. एवढ्या जागेत एखाद्या कुत्र्याला दुसऱ्याचा जाच झाला तर ते लांब निघून जाऊ शकतं. इथं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढी जागा आहे, चार उड्यांत कोपरा येतो आणि कोपऱ्यात सापडलेलं कुत्रं चावतं. म्हणून लहान मैदानात झोके-पायऱ्या किती आहेत ते मोजू नये. फाटक कसं आहे, जमीन कशी आहे, पाणी कुठून येतं आणि एका वेळी किती कुत्री आत सोडतात, ते बघावं.

फाटकाला पैकीच्या पैकी गुण. रस्त्याकडून आत आलं की सहा बाय सहा फुटांचा जाळीचा कप्पा लागतो. मागचं फाटक लावल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही. दोन्ही फाटकं आतल्या बाजूला उघडतात, हे विचारपूर्वक केलेलं दिसतं. आतून कुत्र्यानं अंग टाकलं तर फाटक उलट घट्ट बसतं, बाहेर ढकललं जात नाही. कडी साडेचार फुटांवर आहे आणि तिला खिट्टी आहे, त्यामुळे दोन पायांवर उभं राहून पंजानं कडी उचलणाऱ्या हुशार शेफर्डचंही काही चालत नाही. फाटकापासून १५ फुटांवर जमिनीत विटांची ओळ रोवलीय. नवीन कुत्रं कप्प्यात आलं की आतल्यांनी आपापली कुत्री या ओळीच्या मागे बोलवायची. मैदानावर होणारी बरीच भांडणं फाटकाच्या तोंडाशीच होतात, कारण आत येणाऱ्याला एकाच वेळी चार-पाच जण हुंगायला धावतात. ही विटांची ओळ त्यावरचा साधा आणि खरा उपाय आहे. पाळणारे मात्र निम्मेच.

दोरी कप्प्यातच काढायची, मैदानात शिरल्यावर नाही. बाकीची मोकळी आणि आपलं एकटं बांधलेलं, असं झालं की त्याला पळायचा रस्ता राहत नाही, आणि मालकानं दोरी ताणून धरली की त्याची मान वर जाते, छाती पुढे येते. समोरच्याला तो आव्हानाचा पवित्रा वाटतो. गळ्यातली आवळती साखळी, काट्यांचा पट्टा आणि अंगातला हार्नेससुद्धा तिथंच काढून खिळ्याला अडकवावा. कुस्ती खेळताना दुसऱ्याचा खालचा जबडा साखळीत अडकतो, दोन्ही कुत्री घाबरून ओढतात, एकाचा गळा आवळला जातो आणि दुसऱ्याचे दात तुटतात. दोन बोटं जातील इतका सैल चपटा पट्टा आणि त्यावर फोन नंबर, एवढंच अंगावर ठेवावं.

जाळी पाच फुटांची आहे. लॅब, पग, बीगल, बहुतेक गावठी कुत्री यांना ती पुरते. कारवानी या शिकारी कुत्र्याला पुरत नाही. मराठवाड्यात कारवानी म्हटलं की लातूर जिल्ह्यातलं जानवळ आठवतं. या कुत्र्याचा सगळा जीव धावण्यात आणि नजरेत. रस्त्यावरून मांजर पळताना दिसलं की मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. त्याच्यासाठी सहा फुटांची जाळी आणि वर आत झुकवलेली फूटभर जाळी हवी. शिवाय पूर्ण वेगात निघालेल्या कारवानीला ९० फूट हे अंतरच नाही, वेग येतो न येतो तोच जाळी समोर येते आणि एकदम थांबण्याच्या नादात खांदा किंवा पंजा दुखावतो. कारवानी किंवा पश्मी (त्याचाच केसाळ भाऊ) असेल तर इथं बाकीच्यांशी ओळख करून द्यायला आणावं, पळवायला गावाबाहेरचं कुंपणाचं शेत बघावं.

जाळीच्या बुडाशी काळ्या मातीनं आपला गुण दाखवलाय. ही माती पावसात फुगते आणि मार्चनंतर आकसून भेगाळते. पश्चिमेच्या बाजूला जाळीखाली आता वीतभर फट पडलीय, पग किंवा पिल्लू सहज निसटेल. तिथं सध्या दगड लावलेत, पण कुत्रं पंजानं दगड हलवतं. नऊ इंच खोल चर खणून त्यात काँक्रीटची पट्टी ओतायची आणि जाळीचं बूड त्यात पुरायचं, हेच टिकाऊ काम. ते होईपर्यंत लहान कुत्रेवाल्यांनी आत शिरताच आधी ही बाजू बघून घ्यावी.

जमिनीचं काम अर्धवट राहिलंय. फाटकाजवळच्या तीसेक फुटांत चार इंच मुरूम टाकून रोलर फिरवलाय, तिथं पाणी साचत नाही. बाकी सगळी मूळ काळी माती. पावसानंतर ती बोटांच्या बेचक्यात ढेकळासारखी बसते, वाळते आणि चालताना कातडी सोलते. घसरून मागच्या पायाच्या गुडघ्याची दोरी तुटणं हे वजनदार लॅबमध्ये नेहमीचं दुखणं, आणि चिकट चिखल त्याला आयतं निमित्त. मोठा पाऊस झाला तर दोन दिवस इकडे फिरकू नये. मुरूम पुढे वाढवताना मात्र वरचा इंचभर थर बारीक चाळलेला हवा, नाहीतर धारदार खड्यांनी तळवे घासतात.

दसऱ्याच्या सुमारास वेगळाच त्रास. कडेच्या हरळीत कुसळं आणि सराटे पिकतात. सराटा रुतला की कुत्रं लगेच लंगडतं, त्यामुळे तो सापडतो. कुसळ फसवं. त्याचं टोक पुढे सरकतं, मागे येत नाही, त्यामुळे ते बोटांच्या मधे कातडीखाली शिरतं आणि चार दिवसांनी तिथं फोड येऊन पू धरतो. कानात गेलं तर कुत्रं एका बाजूला मान झटकत राहतं. त्यावर घरी तेल घालत बसू नये, चिमटा आणि दिवा घेऊन डॉक्टरांनीच ते काढावं लागतं. गवत दाणा धरायच्या आत, म्हणजे सप्टेंबरातच कापलं तर हा प्रश्न उरत नाही. यंदा कापणी उशिरा झाली. गाजरगवत मात्र मुळासकट उपटलेलं आहे, त्याबद्दल देखभाल करणाऱ्यांना मनापासून धन्यवाद.

पूर्वेकडची भिंत या मैदानाची सगळ्यात धोक्याची जागा आहे, आणि तिकडे कोणाचं लक्ष नाही. जुनी दगडी भिंत, दरजा उघड्या. गोचीड आयुष्यातला बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर काढतच नाही. रक्त पिऊन ती खाली पडते, भिंतीच्या भेगेत चढून तिथं कात टाकते किंवा हजारोंनी अंडी घालते आणि पुन्हा अंग शोधत बाहेर येते. सकाळी याच भिंतीच्या सावलीत कुत्री पहुडतात. गोचिडतापाची सुरुवात साधी असते: ताप, अन्नावरची वासना जाणं, मरगळ. पुढे प्लेटलेट घसरतात, हिरड्यांवर लाल ठिपके येतात, कधी नाकातून रक्त. वेळेवर रक्त तपासलं तर औषधानं बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततं. भिंतीच्या दरजा सिमेंटनं भरून गिलावा करणं, हे या मैदानावरचं पहिलं खर्चाचं काम असायला हवं. तोवर भिंतीपासून चार फूट लांब राहावं, महिन्याची गोचिडीची गोळी किंवा औषध चुकवू नये, आणि घरी गेल्यावर कानाची आतली बाजू, पट्ट्याखाली, काखेत, बोटांच्या मधे आणि शेपटीच्या बुडाशी बोट फिरवून बघावं. सापडली तर चिमट्यानं कातडीला लागून धरावी आणि सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये.

पाणी ही दुसरी मोठी उणीव. जायकवाडी भरलं तरी शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या कोणाला सांगायला नको. मैदानात सिमेंटचा हौद आहे, नळाला पाणी आलं की भरतात आणि पुढचं येईपर्यंत तेच पुरवतात. तळाला शेवाळ, वर डासांच्या अळ्या, आणि दहा कुत्र्यांची लाळ. एकाला ठसका लागला असेल तर याच पाण्यातून बाकीच्यांना लागतो. रात्री उंदीर फिरत असतील तर साठलेल्या पाण्यातून लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाची, भीती वेगळीच. हौद उपसून कोरडा ठेवावा आणि त्याऐवजी तोटी असलेली झाकणाची टाकी बसवावी. तोपर्यंत घरून दोन लिटर पाणी आणि स्टीलचं भांडं आणणं उत्तम.

उन्हाळ्यात ते पाणी जीव वाचवतं. मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि काळी माती सूर्य मावळल्यावरही तापलेली राहते. हाताची उलटी बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला उतरवू नये. मार्च ते जूनमध्ये सकाळी आठच्या आत मैदानातून बाहेर पडावं, संध्याकाळी साडेसातच्या आधी येऊ नये. मैदानात कडुलिंबाची दोन मोठी झाडं आहेत, सावली चांगली पडते. पत्र्याची उतरण मात्र उन्हात तव्यासारखी तापते, त्यावर चढवू नये. पग, बुलडॉग यांना दहा मिनिटं खेळू द्यावं आणि दहा मिनिटं बसवावं, त्यांचं आखूड नाक अंग थंड करायला पुरत नाही. जोरात धाप, घट्ट दोरीसारखी लाळ, लालभडक हिरड्या आणि डगमगती चाल दिसली की डॉक्टरकडे धावण्याआधी सावलीत घेऊन पोट, मांड्यांची आतली बाजू आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवावेत, वारा घालावा, आणि मग गाडीत घालावं. ओलं फडकं अंगावर पांघरून ठेवू नये, खाली उष्णता कोंडते.

पाटीवर लिहिलंय: एका वेळी दहा कुत्री. हा आकडा जास्त आहे. पाच गुंठ्यांत मध्यम अंगाची सहा, फार तर सात. लहान कुत्र्यांसाठी वेगळा भाग नाही. मोठ्यानं खेळता खेळता पाय टाकला तरी तीन किलोच्या पोमेरियनची बरगडी मोडू शकते. दक्षिणेकडचा वीस फुटांचा पट्टा जाळीनं तोडून दिला तर हा प्रश्न संपेल. तोवर दहा किलोंच्या आतल्या कुत्र्यांना वेगळी वेळ ठरवून द्यावी.

मधोमध तीन फुटांची सिमेंटची नळी ठेवलीय. मुलांना ती आवडते, फोटोही छान येतात, पण ती हलवावी. दोन्ही तोंडांनी दोन कुत्री शिरली की आत समोरासमोर येतात आणि वळायला जागा नसते.

खेळ आणि भांडण यातला फरक ओळखता येत नसेल तर आधी दोन दिवस जाळीबाहेर उभं राहून बघावं. खेळात पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतात, अंग सैल असतं, एकदा हा वर तर एकदा तो, आणि मधेच दोघं थांबून झटकतात. अंग ताठ, तोंड मिटलेलं, नजर रोखलेली, शेपटी उंच, किंवा तिघं मिळून एकाच्या मागे, असं दिसलं की हाक मारून आपलं कुत्रं बाजूला घ्यावं. शंका असेल तर पाठलाग करणाऱ्याला धरावं. पळणारं स्वतःहून परत आलं तर खेळ, दूर गेलं तर जाच. जुंपलीच तर तोंडाशी हात घालू नये, पट्टा ओढू नये. आधी तोंडावर पाणी मारावं. न सुटल्यास दोघांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय उचलून उलटं मागे न्यावं. एकानंच ओढलं तर ओढलेलं कुत्रं बिनसंरक्षण होतं. माणसाला दात लागला तर साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावं, कुत्रं लसवालं असलं तरी. मैदानात नळ कोरडा असेल तेव्हा बाटलीतलं पाणी इथंही कामाला येतं. साबणाची वडी कप्प्यात ठेवलेली आहे, हे फार चांगलं केलंय.

चेंडू आणि बिस्किटं आत नेऊ नयेत, मालकीवरून जुंपते. माजावर आलेली कुत्री चार आठवडे आणू नये. सोळा आठवड्यांच्या आतलं, लसीचा शेवटचा डोस न झालेलं पिल्लू तर नाहीच. पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि झाडून किंवा पाणी मारून जात नाही. रेबीजची लस दरवर्षी, जंताचं औषध तीन महिन्यांनी. विष्ठा लगेच उचलावी. अंकुशकृमीच्या अळ्या ओल्या मातीतून माणसाच्या अनवाणी पायातही शिरतात. इथल्या डब्याला झाकण आहे आणि रोज सकाळी तो रिकामा होतो, हे आवर्जून सांगण्यासारखं.

रस्त्याच्या बाजूला गल्लीतली कुत्री जाळीला लागून भुंकतात आणि आतली त्यांच्याबरोबर जाळीच्या कडेनं धावत तापतात. तो ताप मग आतल्याच एखाद्यावर निघतो. त्या बाजूला खालून तीन फूट हिरवं कापड बांधलं तर निम्मा गोंगाट थांबेल. गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा फाटकाशेजारीच आहे, तीही हलवावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशी जागा ये-जा करण्याच्या दारापासून आणि मुलांच्या खेळण्यापासून दूर ठरवायची असते. त्या कुत्र्यांचे कान खाच मारलेले आहेत, म्हणजे नसबंदी झालीय. स्वभावानं ती शांत आहेत, फक्त जेवणाच्या ताटाजवळून परकं कुत्रं गेलेलं त्यांना चालत नाही.

शनिवार-रविवारी संध्याकाळी गर्दी असते. पहिल्यांदा येणाऱ्यानं मधल्या वारी सकाळी साडेसहाला यावं. आधी कुत्र्याला जाळीबाहेरून पूर्ण फेरी मारून हुंगू द्यावं, शी-शू बाहेरच उरकू द्यावी, आत तीनपेक्षा जास्त कुत्री नसतील तेव्हाच कप्प्यात शिरावं आणि पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत, ते अजून मजेत असतानाच, दोरी लावून बाहेर पडावं.