ताडोबा सहकुटुंब : मोहर्लीचे रिसॉर्ट की कोलाऱ्याचा होमस्टे?

नाशिकहून मुलाबाळांसह ताडोबाला निघणाऱ्यांनी मुक्कामाआधी सफारीचे प्रवेशद्वार पक्के करावे. मोहर्ली आणि कोलारा ही एकाच जंगलाची द्वारे असली, तरी आपली गाडी गाभा क्षेत्रातून आरपार नेता येत नाही आणि बाहेरून वळसा घालून भल्या पहाटे दुसऱ्या द्वाराशी पोहोचणे लहान मुलांबरोबर जिकिरीचे होते. समृद्धी महामार्ग वर्ध्याजवळ सोडून जाम या गावी आले, की वरोरा-भद्रावतीमार्गे मोहर्ली किंवा चिमूरमार्गे कोलारा गाठता येते. प्रवासात फारसे डावे-उजवे नाही. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते, हे सुटी टाकताना पाहावे.

आम्ही मोहर्लीच्या बाजूला एका मध्यम दराच्या रिसॉर्टमध्ये राहिलो आणि पुढच्या खेपेस कोलाऱ्याच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाच्या होमस्टेमध्ये. रिसॉर्टच्या खोल्या ऐसपैस होत्या, कमोडची सोय होती आणि आवाराला पक्के कुंपण असल्याने मुले निर्धास्त हुंदडली. होमस्टेमधील गाद्या पातळ होत्या, वीज अधूनमधून जात होती आणि दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर जायचे नाही, असे घरमालकांनी मुलांना पहिल्याच दिवशी बजावले. ते योग्यच होते, कारण जंगलालगतच्या या गावांच्या शिवारात वाघ-बिबट्यांचा वावर असतो.

एवढ्यावर पाहिले तर रिसॉर्टचे पारडे जड वाटेल. परंतु तेथे रात्रीचे जेवण साडेआठनंतरच मांडले जाई. दुपारची सफारी संपवून परतलेली, जिप्सीत धूळ खाऊन दमलेली मुले साडेसातलाच पेंगू लागत. त्यांना बिस्किटांवर जागे ठेवायचे, मग रडारड करत जेवायला बसवायचे आणि पहाटे साडेचारला पुन्हा उठवायचे, असा प्रकार रोज चाले. स्वयंपाकघरात दोनदा विनंती केली. ‘सगळ्यांचे एकदमच लागते’ हे उत्तर नम्रपणे, पण ठामपणे मिळाले. त्या अपुऱ्या झोपेमुळे सकाळच्या सफारीत धाकटी माझ्या मांडीवर झोपली आणि समोर रानकुत्र्यांचा कळप रस्ता ओलांडून गेला, तरी तिला पत्ता नव्हता.

कोलाऱ्याला मात्र हातपाय धुऊन होईपर्यंत चुलीवर भाकरी फुगत असे. ताटात कांद्याची पात घातलेले वांग्याचे भरीत आणि मुलांसाठी मऊ वरणभात असे. आठच्या आत सारे घर चिडीचूप होई आणि पहाटे कोणाला दोनदा हाक मारावी लागत नसे.

सगळ्याच रिसॉर्टांत असे असेल, असे म्हणण्याचा माझा अधिकार नाही आणि गुडघेदुखीची आजी बरोबर असेल, तर मीही कदाचित मोहर्लीचाच विचार करीन. मुले दहाच्या आतली असतील, तर मात्र होमस्टे पाहावा. रिसॉर्टच घ्यायचे असल्यास आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मुलांना सात वाजता जेवण मिळेल का, एवढे फोनवर स्पष्ट विचारून घ्यावे.