नियम झकास, नावांचं मात्र थोडं बघा

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवत खेळायच्या खेळाच्या २०२४ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकात १२ क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. मला सगळ्यात आवडतं ते ‘रोग’ (Rogue, म्हणजे बदमाश) हे नाव. आधी तो ‘थीफ’ होता. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत नाव बदललं आणि हेर, जुगारी, ठग सगळेच त्यात मावले. (जादूगाराचं १९७४ चं नाव ‘मॅजिक-यूझर’ तर सरकारी फॉर्मवरचा रकानाच!)

घोळ आहे तो विझर्ड, सॉर्सरर, वॉरलॉक या त्रिकुटात. पहिला अभ्यास करून जादू शिकतो, दुसऱ्याच्या अंगातच ती असते, तिसरा कुणा बड्या शक्तीशी करार करतो. नावावरून यातलं काही कळेल तर शपथ! नवा खेळाडू आला की मलाच समजावत बसावं लागतं. ‘बार्बेरियन’ (रानटी) हे क्लासचं नावही पटत नाही. त्याचा सगळा खेळ संतापाचा, आणि ‘बर्सर्कर’ (बेभान होऊन लढणारा) हे चपखल नाव दिलंय त्याच्या एका उपप्रकाराला.