डुकरांना न्यूमोनियाची लस: ऑगस्ट ते एप्रिल, माझा अनुभव

नागपूरजवळ हिंगण्याकडे माझं वराहपालन आहे, यॉर्कशायरच्या बारा माद्या. मागच्या हिवाळ्यात तीन महिन्यांच्या पिल्लांना कोरडा खोकला लागला. पहाटे उठवायला गेलं की एक ठसकायचं, मग अख्खा कप्पा. खाणं चालू, पण वजन धरेना. एकाच वेतातली अर्धी पिल्लं भरलेली, अर्धी खुरटलेली. मी पेनिसिलिन टोचत राहिलो. डॉक्टरांनी थांबवलं: हा मायकोप्लाझ्मा, या जंतूला पेशीभित्तिकाच नसते आणि पेनिसिलिनचा मारा तर तिच्यावरच असतो.

ऑगस्टपासून लस सुरू केली. माझी दोन मात्रांची आहे: सातव्या दिवशी आणि एकविसाव्या दिवशी, कानामागे मानेच्या स्नायूत. प्रतिकारशक्ती यायला दुसऱ्या मात्रेनंतरही दोन-तीन आठवडे जातात, म्हणून खोकला लागल्यावर टोचायची घाई करू नका.

पहिली बाटली माझ्याच हातून वाया गेली. फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून ठेवली आणि ती गोठली. गोठलेली लस वितळवून वापरता येत नाही, फेकावीच लागते. 2 ते 8 अंश म्हणजे तेवढंच. आता सीताबर्डीहून आणताना बाटली कागदात गुंडाळतो, बर्फाला थेट लागू देत नाही.

फरक मला कटाईच्या जागी दिसला. मागच्या वर्षीच्या फुप्फुसांचे पुढचे-खालचे भाग जांभळट होते, दाबले तर कलेजीसारखे घट्ट लागायचे. या हिवाळ्यात बहुतेक फुप्फुसं गुलाबी आणि मऊ निघाली, काहींवर नखाएवढे डाग. म्हणजे जंतू गेलेला नाही. लस संसर्ग पूर्ण थांबवत नाही, फुप्फुसाची नासाडी कमी करते. खोकला अजून ऐकू येतो, पण एखाद-दुसरा, आणि वेतातली पिल्लं आता जवळपास सारखी वाढतात.

सगळं श्रेय मात्र लसीला देणार नाही. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात पारा 10 अंशांखाली उतरतो, तेव्हा मी ताडपत्री खालपर्यंत घट्ट बांधायचो. सकाळी शेडमध्ये शिरलं की मुताच्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं. तो अमोनिया पिल्लं रात्रभर छातीत ओढत होती, हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं अजून वाईट वाटतं. आता वरून फूटभर जागा उघडी असते, खाली कोरडा पेंढा.

आणखी एक. फेब्रुवारीत सत्तर किलोचं एक डुक्कर रातोरात गेलं, नाकाशी रक्ताळलेला फेस. आफ्रिकन स्वाइन फीवर, डुकरांची ती जीवघेणी साथ, असेल या धास्तीने मी शेडचं येणं-जाणंच बंद केलं. तपासणीत निघाला अ‍ॅक्टिनोबॅसिलस. तोही न्यूमोनियाच करतो, पण जंतू वेगळा, त्याची लसही वेगळी. माझ्या लसीचा त्यावर उपयोग नव्हता. तेव्हा आधी निदान करून घ्या, मग लस मागवा.

येत्या शनिवारी अकरा पिल्लांचा सातवा दिवस आहे. ऊन तापायच्या आत, पहाटे पाचलाच टोचणार आहे.